पुस्तकाचे दोन अर्धे आणि पुढची खोली

पुस्तक घरात आलं ते भांडण सोबत घेऊनच.

बाजारातून परतताना नणंद-भावजय जुन्या पुस्तकांच्या गाड्यापाशी थांबल्या आणि दोघींचा हात एकाच वेळी एकाच जाडजूड पुस्तकावर पडला. पोकर कसं खेळावं याचं पुस्तक होतं. गाडेवाला म्हणाला, "एकच आहे, बाई. दुसरं नाही." मग दोघींनी निम्मे निम्मे पैसे घातले आणि घरापर्यंत पिशवीचा एकेक बंद धरून चालत आल्या. पिशवी जड होती म्हणून नव्हे. दुसरीच्या हाती ती एकटी देण्याइतका विश्वास दोघींचाही नव्हता.

त्या घरातली सून दात बनवायची. दंतवैद्य लोकांच्या तोंडाची मापं पाठवत, आणि ती घरी बसून कवळ्या घडवी, एखाद्याच्या पडलेल्या दाताला जोडीदार तयार करी. गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. नणंद घड्याळं दुरुस्त करायची, म्हणून ती घड्याळवाली. दोघी एका वयाच्या, दोघी हट्टी, दोघी आपापल्या कामात तरबेज. एकमेकींशी त्या गोड बोलायच्या तेव्हा घरातली बाकीची माणसं घाबरायची.

बाकीची माणसं म्हणजे दोनच. एक सुनेचा नवरा. तो रंगाच्या दुकानात रंग कालवून द्यायचा आणि घरात कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. "मला दोन्ही रंग आवडतात," एवढंच त्याचं मत. दुसरे सासरे. आयुष्य अग्निशमन दलात गेलेलं, आवाज अजून भोंग्यासारखा. क्लबात त्यांना बंबवाले म्हणत आणि पोकरमध्ये त्यांचा दबदबा होता. वार्षिक टूर्नामेंट बहुतेक वेळा तेच जिंकायचे. पुस्तकं वाचून खेळणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "आगीत शिरताना कुणी आधी पान उलटत नाही," असं ते म्हणायचे, आणि मग एखाद्या आगीची हकिगत सांगायचे. ती हकिगत घरात सर्वांना पाठ होती.

आता पुढच्या खोलीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापायीच घडलं. त्या खोलीला उत्तरेकडे खिडकी होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं एकसारखा, शांत उजेड असायचा. दाताचा रंग दिव्याखाली जुळवला की फसगत ठरलेली. सुनेनं एका वकिलांचा पुढचा दात दिव्याखाली जुळवला होता, तो उन्हात करडा दिसला. दुसरा होईपर्यंत वकील तोंड मिटून बसले, आणि वकिलाची ती अवस्था पाहून तिलाच वाईट वाटलं. नणंदेचंही तेच. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायची, डोळ्याला भिंग, आणि नाकाजवळ तापलेला दिवा. संध्याकाळी तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. दोघींना त्या खिडकीपाशी टेबल हवं होतं आणि तिथं एकच टेबल मावत होतं, म्हणून कुणाचंच लागत नव्हतं. उरलेल्या जागेत सासऱ्यांचं काचेचं कपाट होतं, क्लबात जिंकलेल्या चषकांनी भरलेलं. त्या कपाटाबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. ते भिंतीसारखं होतं, आणि भिंत जरा सरकवा असं कुणी म्हणत नाही.

दोघींची तणतण ऐकून सासऱ्यांनी एक दिवस निकाल दिला. "यंदा दोघीही टूर्नामेंटला बसा. जी जिंकेल तिची खोली. कुणीच नाही जिंकली, तर खोली आहे तशी राहील आणि हा विषय पुन्हा या घरात निघणार नाही." एवढं बोलून ते आरामखुर्चीत मागे रेलले. टूर्नामेंट कोण जिंकणार याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. दोघींच्याही नव्हती, म्हणून तर पुस्तक आणलं.

पुस्तक फाटलं ते पहिल्याच संध्याकाळी. "आधी मी वाचते, वन्सं, तुमचा चष्मा बदलायचाय." "माझा चष्मा माझ्या नाकावर आहे, वहिनी, सोड." दोघींनी दोन बाजूंनी ओढलं, जुनी शिवण करकरली, आणि पुस्तकाचे बरोबर दोन तुकडे झाले. मधे एक जाड कोरं पान होतं, तिथंच बांधणी कच्ची होती. नणंदेच्या हातात पहिला अर्धा राहिला, सुनेच्या हातात दुसरा. नवरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला, "चला, वाटणी झाली," आणि दोघींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो पाणी न पिताच परत गेला.

दोन दिवसांत चिकटवता आलं असतं. पण दुसरीकडे तिचा अर्धा मागायचा म्हणजे हार मानायची. दोघींनी आपापला तुकडा आपापल्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवला आणि दोघी सांगत सुटल्या की खरं पुस्तक आपल्याकडेच आहे, दुसरीकडे नुसती भरताड. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा शेजारच्या ड्रॉवरमध्ये होता आणि वळसा दोघींच्या नाकाचा होता.

ज्यांनी पोकर खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात. मग मधे पाच पानं उघडी पडतात: आधी तीन, मग एक, मग एक. शेवटी आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याची जुळणी मोठी तो जिंकतो; कितीही मोठ्या जोडीवर तीन सारखी पानं भारी. दर टप्प्याला कुणी चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी चालणाऱ्या चकत्या, लावतो. बाकीच्यांनी तेवढ्याच भरायच्या, वाढवायच्या, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. आणि दर डावाला दोघांना पानं बघण्याआधीच थोडं सक्तीनं भरावं लागतं, त्याला ब्लाइंड म्हणतात. रविवारी घरी खेळ व्हायचा तो सुट्ट्या पैशांवरचा कॅश गेम. त्यात ब्लाइंड दिवसभर तेवढाच, चिमूटभर; चिप्स संपल्या की खिशात हात घालायचा आणि नव्या घ्यायच्या. टूर्नामेंटचं तसं नसतं. सगळ्यांना सारख्या चिप्स एकदाच मिळतात, ठरावीक वेळानं घंटा वाजली की ब्लाइंड वाढतात, आणि संपला तो उठला.

पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्यात कॅश गेम होता आणि दुसऱ्यात टूर्नामेंट. म्हणजे नणंद रविवारची पंडित झाली, आणि सून जे शिकली त्याचा रविवारी काही उपयोग नव्हता. पण हे तिला कोण सांगणार? तिचा अर्धा जिथं सुरू व्हायचा तिथं लेखकानं धरूनच चाललं होतं की वाचणाऱ्याचं पाणी गळ्याशी आलंय. भीक मागत थांबू नका, पान बरं दिसलं की सगळ्या चिप्स पुढं ढकला, समोरच्याला घाम फुटू द्या. सुनेला ते फार आवडलं. सासरी आल्यापासून तिला असं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

मग रविवारी ती ढकलायची. समोर चिप्सचा भरला ढीग, ब्लाइंड चिमूटभर, आणि ही दोन्ही तळहातांनी सगळं मधे लोटायची. टेबलावर शेजारचे एक-दोघे, सासरे आणि नणंद असायचे. नवऱ्याला खेळता येत नव्हतं म्हणून तो पानं वाटायचा. ती ढकलायची तेव्हा सगळे पानं टाकायचे आणि तिला मूठभर दाणे मिळायचे. आणि कुणाकडे खरोखर राजा-राजा आला की तो हसून भरायचा आणि हिचं पोतं रिकामं व्हायचं. एकदा तर सत्ती-दुर्री हातात असताना तिनं सगळं ढकललं आणि सासऱ्यांनी दोन राण्या दाखवल्या.

"सूनबाई," ते डोळे पुसत म्हणाले, "तू पाणी मारत नाहीस, तू बंबच आगीत घालतेस."

सगळे हसले. नणंदेनं हसताना तोंडावर हात धरला. तेच सुनेला जास्त लागलं. तिला रडूच यायचं बाकी होतं. उठून गेली असती तर बरं, पण ती बसून राहिली आणि पुढच्या डावाला परत ढकललं. नणंद मात्र रविवारमागून रविवार जिंकत होती. वाईट पानं टाकायची, वाट बघायची, चांगलं आलं की हळूहळू वसूल करायची. घड्याळाचं काम करणारीला वाट बघायला कोण शिकवणार? तिला वाटू लागलं की खोली आपलीच. खिडकीला कुठला पडदा लावायचा, तेही ती बोलून दाखवू लागली. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं ते हेच, पण हळद सुनेच्याही अंगाला तेवढीच लागली होती, हे विसरायचं नाही.

टूर्नामेंट क्लबच्या हॉलात असायची, सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर. जिन्यात रबराचा आणि ट्यूब चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, वर हिरवं कापड घातलेली टेबलं, भिंतीवर नणंदेनंच दुरुस्त केलेलं मोठं घड्याळ. पानं वाटायला आणि ब्लाइंडची घंटा वाजवायला नवऱ्याला बोलावलं होतं. सकाळपासून खेळ सुरू झाला.

नणंद शांत बसली, जशी रविवारी बसायची. वाईट पानं टाकली. वाट बघितली. घंटा वाजली, ब्लाइंड वाढले. तिनं वाट बघितली. पुन्हा घंटा. तिच्यासमोरचा ढीग कुणाशी न लढताच खाली बसत होता, आणि तिला कळत होतं की काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नव्हतं. तिच्या अर्ध्यात ते लिहिलेलंच नव्हतं. शेवटी दोन एक्के आले तेव्हा समोर इतक्या थोड्या चिप्स होत्या की त्या डावात ती जिंकूनही कुठं पोचली नाही, आणि पुढच्या घंटेला ती संपली. उठताना तिनं खुर्ची नीट आत सरकवली. ती पाण्याच्या पिंपापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली आणि बराच वेळ एकाच पेल्यातलं पाणी पीत राहिली.

सुनेनं ते पाहिलं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

पण बघत बसायला वेळ कुठं होता? घंटा वाजत होती, आणि प्रत्येक घंटेबरोबर सून जास्त ओळखीच्या मुलखात शिरत होती. ब्लाइंड मोठे, सगळ्यांचे ढीग उतरलेले, सगळे जपून बसलेले. नेमकं हेच तिच्या अर्ध्यात पानोपानी होतं. दोन जण टाकून बसले की तिसऱ्यावर ढकलायचं. जो आपल्यापेक्षा मोठा ढीग घेऊन बसलाय त्याच्या वाटेला जायचं नाही. ज्याला बाहेर पडायची भीती आहे त्यालाच भिववायचं. रविवारी जे वेडेपण ठरलं होतं तेच इथं चाललं. शेजारचे जे रविवारी हसायचे ते एकामागून एक पानं टाकत गेले. एकानं न टाकता भरलं आणि त्याला उठावं लागलं. तो उठताना तिच्याकडे बघून म्हणाला, "दातवाल्या बाईंनी दात काढले की हो आमचे!"

दुपार कलायच्या आत दोघंच उरले. एका बाजूला बंबवाले, दुसऱ्या बाजूला त्यांची सून, आणि मधे पानं पिसत बसलेला तिचा नवरा, ज्याला त्या क्षणी रंगाच्या दुकानात असतो तर बरं असं वाटत होतं.

सासरे हसून म्हणाले, "शाब्बास, सूनबाई. चहा घे. मग बघू."

चहाची सुट्टी झाली. सून पेला घेऊन जिन्यात पायरीवर येऊन बसली. तिच्यासमोर सासऱ्यांपेक्षा किंचित जास्तच चिप्स होत्या. तीन-चार वेळा नीट ढकललं की खोली आपली, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मागून कुणीतरी येऊन शेजारी बसलं. नणंद होती. मांडीवर पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी पुस्तकाची फाटकी कड.

"वहिनी, आता ढकलू नकोस."

"का हो, वन्सं? ढकलूनच इथवर आले."

"शेवटचे दोघं उरले की क्लबात ब्लाइंड परत पहिल्या पायरीवर आणतात. माहितीये ना? लोकांना निवांत बघायला मिळावं म्हणून. हा नियम बाबांनीच घालून दिलाय."

सुनेला माहीत होतं. दर वर्षी ती हॉलात चहा द्यायला यायची तेव्हा बघितलं होतं. पण त्याचा अर्थ तिनं कधी लावलाच नव्हता. नणंदेनं तो तिच्यासमोर ठेवला.

"समोर चिप्सचे डोंगर, आणि ब्लाइंड चिमूटभर. ही आता टूर्नामेंट राहिली नाही. हा रविवार आहे. म्हणून तर बाबा दर वर्षी जिंकतात. सगळे दमूनभागून ढकलाढकली करत इथं येतात, आणि ते मजेत रविवार खेळतात."

सुनेनं पेला पायरीवर ठेवला. "वन्सं, रविवार मला येत नाही."

"मला येतो." नणंदेनं तो फाटका अर्धा तिच्या मांडीवर ठेवला. "वाचायला वेळ नाही, ऐक. लहान जोडी आली तर ढकलायचं नाही. स्वस्तात मधली पानं बघायची. जोडीचं तिसरं पान मधे पडलं तर चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. त्यांना लावू द्यायचं, तू भरत जायचं. नाही पडलं तर पानं टाकून मोकळी हो. आणि बाबांच्या हातात मोठी जोडी आली की ते ती सोडत नाहीत. आयुष्यात सोडलेली नाही."

सुनेनं जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं. "मला का सांगताय? मी जिंकले तर खोली माझी होणार. तुम्हाला काय मिळणार?"

नणंदेनं डोळे पुसले. ते रोज गळायचे तसेच गळत होते की आणखी काही, ते सांगता येणार नाही. "तू हरलीस तर मला मिळणारे का? खोली तुझ्याकडे गेली तर निदान माणसाकडे जाईल. नाहीतर कपाटाकडे जाईल."

आत घंटा वाजली. सून उठली, आणि कधी नव्हे ते नणंदेच्या खांद्यावर हात ठेवून आत गेली.

पहिले काही डाव तिनं जीव मुठीत धरून काढले. हात सारखे पुढं जायला बघत होते. सासरे मजेत होते. थोडं लावायचे, थोडं जिंकायचे, मधेच आगीची हकिगत सुरू करायचे. भोवती जमलेले लोक हसायचे. सून वाईट पानं टाकत होती आणि वाट बघत होती. वाट बघणं ढकलण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. नणंदेबद्दल मनात एक आदर उगवला, आणि तो उगवताना जरा टोचलाही.

मग हातात दोन छक्क्या आल्या. चौकट आणि किलवर.

सासऱ्यांनी चिप्स लावल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त. सुनेचे दोन्ही तळहात आपोआप ढिगामागे गेले. तिच्या अर्ध्यातलं प्रत्येक पान ओरडत होतं, दोघांच्या खेळात जोडी म्हणजे सोनं, ढकल! तिनं तळहात परत मांडीवर आणले आणि सासऱ्यांनी लावलं तेवढंच भरलं.

नवऱ्यानं तीन पानं उलटली. बदामाची दश्शी. किलवरची दुर्री. इस्पिकची छक्की.

तिसरी छक्की! तिनं वकिलांचा करडा दात आठवला. त्या आठवणीनं तिचा चेहरा हमखास पडायचा, तसा पडला. बोटानं टेबलावर टकटक केलं, म्हणजे बाबा, तुम्ही बोला. सासरे बोलले, चिप्स लावल्या. तिनं उसासा सोडून भरलं. पुढचं पान चौकटची राणी. सासऱ्यांनी मोठं लावलं; तिनं ओठ चावून भरलं. शेवटचं पान इस्पिकची तिर्री, कुणाच्याच कामाची नव्हे. मधे चिप्सचा ढीग झाला होता. सासऱ्यांनी आणखी लावलं आणि ते मागे रेलले, आरामखुर्चीत रेलायचे तसेच.

आता सुनेनं दोन्ही तळहात ढिगामागे लावले आणि सगळं, सगळंच्या सगळं, पुढं ढकललं. अगदी रविवारसारखं.

मग सासरे हसले, पोटातून, मनापासून. "आला! सूनबाईचा रविवार आला! मी म्हणतच होतो, एवढा वेळ कशी काय शांत बसलीये." त्यांनी आपली पानं पुन्हा एकदा उचलून पाहिली. "काय आहे गं? सत्ती-दुर्री?"

पिंपापाशी नणंद उभी होती, तिच्या हातातला पेला हवेतच थांबलेला. सून मनात एकच म्हणत होती: भरा, बाबा, भरा. इतके रविवार मी तुमच्यासमोर हसं करून घेतलं, ते आज फेडून घेऊ द्या.

"आगीत शिरताना पान उलटायचं नसतं," सासरे म्हणाले आणि आपल्या उरलेल्या सगळ्या चिप्स मधे लोटून त्यांनी दोन पानं उघडी केली. एक्का. एक्का. आयुष्यात न सोडलेली जोडी.

सुनेनं आपली पानं एकेक करून ठेवली. छक्की. छक्की. आणि मधल्या छक्कीवर बोट.

क्षणभर कुणालाच उमगलं नाही. आधी उमगलं ते पानं वाटणाऱ्याला. जन्मात कुणाची बाजू न घेतलेला तो माणूस खुर्ची मागे पाडून उठला आणि ओरडला, "माझी बायको जिंकली!" मग जो गलका झाला तो सायकलच्या दुकानात खाली ऐकू गेला आणि दुकानदार पंप हातात घेऊनच वर धावत आला. नणंद गर्दीतून वाट काढत आली. सून तिच्या गळ्यात पडली आणि दोघी, ज्यांनी पिशवीचे बंदही सोडले नव्हते, लोकांसमोर ओक्साबोक्शी रडल्या आणि हसल्या.

सासरे टेबलावरच्या छक्क्यांकडे बघत होते. मग उठले. उठून त्यांनी आधी पाठ ताठ केली आणि मग सुनेला सलाम ठोकला, दलात ठोकायचे तसा. "एवढा वेळ दाबून ठेवलीस? राखेखाली निखारा ठेवावा तशी?" त्यांच्या डोळ्यांत खरं कौतुक होतं, आणि थोडी जळजळही होती, ती त्यांनी लपवली नाही. "खोली तुझी. बंबवाला शब्द फिरवत नाही."

चषक हातात घेऊन सून म्हणाली, "खोली माझी, म्हणजे तिथं काय असावं आणि काय नसावं, ते मी ठरवणार ना, बाबा?"

"अर्थात."

"मग उद्या सकाळी ते कपाट हलवायचं."

दोन एक्के हरले तेव्हाही सासऱ्यांचा चेहरा असा झाला नव्हता. "कपाट? ते कशाला? ते तर..." नणंद सुनेकडे बघत होती, तोंड उघडं टाकून. इतकी वर्षं दोघी अर्ध्या खिडकीसाठी भांडत होत्या आणि उरलेल्या अर्ध्या खिडकीपुढं कपाट आरामात उभं होतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. पण तो तिसरा लाकडाचा असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"वन्सं," सून म्हणाली, "तुमच्या टेबलाचं माप घरी गेल्यावर घेऊ. दोन्ही मावतील."

दुसऱ्या दिवशी कपाट मधल्या खोलीत गेलं. नवऱ्यानं आणि दोघींनी मिळून ते ढकललं. ढकलताना सून सर्वांत पुढं होती. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कपाटामागं भिंतीचा रंग जसा लावला तसा ताजा राहिला होता, आणि खिडकीची ती बाजू उघडताच खोलीत इतका उजेड आला की चौघांनीही डोळे किलकिले केले. दोन टेबलं शेजारी शेजारी लागली. नव्या चषकात सुनेनं आपले ब्रश उभे करून ठेवले. पुस्तक चिकटवावं का, असं नवऱ्यानं विचारलं, तर दोघी एकदम नको म्हणाल्या. एक अर्धा या टेबलावर, एक त्या टेबलावर. लागेल तेव्हा हात लांब करायचा.

काही दिवस गेले. एका सकाळी दोघी खाली मान घालून काम करत होत्या, एक दातावर, एक घड्याळावर. सासरे आले आणि खिडकीपाशी उभे राहिले. खाकरले. हात पाठीशी बांधले, सोडले.

"ते... ते पुस्तक," ते म्हणाले, "त्यातला आधी कुठला अर्धा वाचायचा असतो?"

नणंदेनं भिंगातून नजर वर केली नाही. सुनेनंही ब्रश थांबवला नाही. पण दोघी एकाच वेळी, एका सुरात म्हणाल्या,

"दोन्ही घेऊन जा, बाबा. पण आधी जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

आणि बंबवाले, ज्यांना आजवर कुणी बाजूला व्हा म्हटलं नव्हतं, दोन्ही अर्धे काखेत घेऊन मुकाट्यानं बाजूला झाले.